थंडीने फोडायचा दगड

एमरिस प्रॉसरने माझ्या मामेबहिणीला, व्हर्नाला, मागणी घातली, त्या संध्याकाळी अ‍ॅमनमामाने होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. बशीत ओतलेली कॉफी त्याने शांतपणे संपवली, मिशा पुसल्या आणि विचारले, "तुला दगडाला भोकं पाडता येतात का रे?"

एमरिस डोंगरापलीकडच्या कोळशाच्या गावचा. त्याचे घराणे वेल्समधून आलेले, आणि वडील, काका, भाऊ सगळे खाणीत. त्याला हे विचारणे म्हणजे न्हाव्याला वस्तरा धरता येतो का असे विचारण्यासारखे होते.

"येतात, मिस्टर लायबी," तो म्हणाला. "दारू ठासून दगड उडवताही येतो."

"ते नको. उडवायला काय, कुणीही उडवतं. आमच्याकडं दगड फोडायचं काम थंडी करते."

मग मामाने अट सांगितली. ती आम्हा सर्वांना लहानपणापासून ठाऊक होती. फक्त डोंगरापलीकडच्या माणसाला ती सांगण्याची वेळ पहिल्यांदाच आली होती. आमच्या खोऱ्यात लायबींची जितकी कोठारे आहेत, त्या प्रत्येकाच्या दर्शनी भिंतीत वरच्या बाजूला एक नावाचा दगड बसवलेला आहे. त्यावर नवरा-बायको दोघांची नावे, साल आणि दोन ट्युलिपची फुले. हा दगड डोंगरावरच्या दगडांच्या नदीतूनच आणायचा, आणि तो थंडीनेच फोडलेला असायला हवा. पानगळीच्या दिवसांत एका मोठ्या धोंड्यावर सरळ रेषेत भोके पाडायची, त्यांत पाणी भरायचे, वरून लाकडी खुंट्या ठोकून तोंडे बंद करायची आणि खाली निघून यायचे. हिवाळ्यात पाणी गोठते, फुगते आणि धोंड्याला त्या रेषेवर फाडते. खुंट्या ठोकल्यावर कोणीही त्याला हात लावायचा नाही. धोंडा फुटला की लग्न. या हिवाळ्यात नाही फुटला, तर पुढच्या.

"आणि पुढच्याही हिवाळ्यात नाही फुटला तर, पॅप?" व्हर्नाने विचारले.

"तर मग याला भोकं पाडता येत नाहीत," मामा म्हणाला आणि कॉफीसाठी बशी पुढे केली.

सेवीलामामीने कॉफी ओतताना एमरिसकडे पाहून डोळे मिचकावले. पण व्हर्ना हसली नाही, आणि का हसली नाही हे मला माहीत होते. एमरिसने खाण सोडली होती. त्याच्या वडिलांची छाती कोळशाच्या धुळीने इतकी भरली होती की त्यांना खुर्चीत बसूनच झोपावे लागे. लग्न झाले की मामाचे ओढ्याजवळचे शेत आणि त्यावर वसंतात उभे राहणारे कोठार या दोघांचे होणार होते. लग्न वर्षभर लांबले, तर तोवर पोटासाठी एमरिसला पुन्हा जमिनीखाली उतरावे लागणार होते. एकदा उतरलेला माणूस वर्षाने वर येतोच असे नाही. त्याला तिथेच कर्ज होते, तिथेच सवय लागते, तिथेच खोकला सुरू होतो. व्हर्नाच्या डोळ्यांसमोर ती खुर्ची होती.

मी गावच्या शाळेत शिकवते आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. दगडांच्या नदीबद्दल मी दर वर्षी मुलांना एक पूर्ण तास शिकवते, कारण ती शाळेच्या खिडकीतून दिसते आणि मुले तिच्याकडे पाहून पाढे विसरतात. डोंगराच्या माथ्याखालून सुरू होऊन ती जंगल कापत थेट चर्चच्या मागच्या कुंपणापर्यंत येते. तिच्यात झाड नाही, माती नाही, गवताचे पाते नाही. आहेत ते फक्त धोंडे, कोकराएवढे, गायीएवढे, काही तर गाडीएवढे, एकावर एक रचून पडलेले. वरून ती कोरडी असते, पण धोंड्यांवर आडवे होऊन कान लावला की खाली खोलवर पाणी वाहताना ऐकू येते.

मुलांना मी सांगते की फार फार पूर्वी उत्तरेकडून बर्फाचा प्रचंड थर सरकत आला. तो आपल्या डोंगरापर्यंत पोचला नाही, पण त्याची थंडी पोचली. जमीन खोलवर गोठलेली असे आणि उन्हाळ्यात तिचा फक्त वरचा पदर सैल होऊन चिखल होई. माथ्यावरच्या कड्यांच्या भेगांत पाणी शिरे, गोठे, वितळे, पुन्हा गोठे. पाचर ठोकावी तसे दर हिवाळ्याला थोडे थोडे करून त्या पाण्याने कडे फोडले. सुटलेले धोंडे त्या चिखलावर बसून, एखाद्या म्हाताऱ्या बैलाच्या चालीने, उतारावरून खाली आले. मग हवा उबदार झाली, धोंडे जिथल्या तिथे थांबले, आणि पावसाच्या आणि झऱ्यांच्या पाण्याने मधली माती धुऊन नेली. उरले ते हे. अ‍ॅमनमामाला हे सगळे मी एकदा सविस्तर सांगितले होते. तो म्हणाला, "म्हणजे आमच्या पणजोबांची पद्धत डोंगराकडूनच शिकलेली. मला वाटायचं जर्मनीहून आणली."

ऑक्टोबरात एमरिसने धोंडा निवडला. चर्चच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर, नदीच्या काठाला, पाठ सपाट असलेला एक राखाडी धोंडा. पोलादी पहार एका हाताने फिरवत आणि दुसऱ्या हाताने हातोडा मारत त्याने भोके पाडली, आणि प्रत्येक भोकातली भुकटी खाणीतल्या लांब दांड्याच्या चमच्याने इतकी स्वच्छ काढली की मामा वाकून वाकून आत बघत राहिला.

"कशी आहेत?" एमरिसने विचारले.

"भोकं आहेत," मामा म्हणाला. त्याच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी क्वचितच ऐकली आहे.

पाणी भरले, खुंट्या ठोकल्या. एमरिसने मामाच्या हातावर हात मारून शब्द दिला की आता थंडीशिवाय कोणी धोंड्याला शिवणार नाही.

नाताळपर्यंत हिवाळा नावालाच होता. जानेवारीत मात्र अशी थंडी पडली की बादलीतले पाणी विहिरीपासून स्वयंपाकघरात पोचेपर्यंत त्यावर साय धरू लागली. शाळेतल्या शाईच्या बाटल्या फुटल्या. विल्मर कंकेलचा पंप फुटला. चर्चच्या पायरीला तडा गेला. मामाच्या गोठ्यातली दगडी डोण, जी त्याच्या आजोबांनी बसवली होती, एका रात्रीत दुभंगली. खोऱ्यात फुटण्यासारखे जे जे होते ते सगळे फुटले, फक्त एमरिसचा धोंडा सोडून.

लोकांना विषय मिळाला. दुकानातल्या शेगडीभोवती विल्मर कंकेल रोज एमरिसची वाट बघत बसू लागला.

"काय प्रॉसर, आज तरी फुटला का?"

"नाही अजून."

"त्याला गाणं म्हणून दाखव. तुम्ही वेल्श लोक म्हणे गाण्यानं बायका वितळवता."

"बायका वितळतात, मिस्टर कंकेल. हा धोंडा लायबींचा आहे."

शेगडीभोवती हशा पिकला, आणि एमरिसही हसला. पण तो चर्चमधल्या गायकांत माझ्या ऑर्गनशेजारीच उभा राहत असे, आणि त्या महिन्यात त्याचा आवाज दर रविवारी थोडा खाली येत गेला. त्याचा भाऊ डोंगर ओलांडून एकदा त्याला भेटायला आला आणि कोटाच्या खिशात सुरुंगाची थोडी दारू घेऊन आला. "एक चिमूट," तो म्हणाला होता. "कुणाला कळायचंही नाही. कंकेलला वाटेल, पाद्री शिंकला." एमरिसने त्याला दारूसह परत पाठवले. हे त्याने व्हर्नाला सांगितले, व्हर्नाने मला, आणि मी कोणाला सांगायचे नाही असे ठरले, म्हणून सेवीलामामीला तेवढे सांगितले.

फेब्रुवारी सरत आला. दुपारी छपरांवरून पागोळ्या गळू लागल्या. एका शनिवारी व्हर्ना माझ्याकडे आली आणि दारातूनच म्हणाली, "एल्डा, बूट घाल. मला तो मेला दगड बघायचाय."

"हात लावायचा नाही, असं ठरलंय ना?"

"डोळ्यांनी बघायला कुणी बंदी घातलेली नाही."

आम्ही कुंपण ओलांडून वर गेलो. धोंड्यावर कोणीतरी बसले होते. काळे, गोल, काटेरी आणि अगदी निवांत. साळिंदर होते. पुढच्या पायांत त्याने एक खुंटी धरली होती आणि आपण मक्याचे कणीस कुरतडतो तशी ते ती कुरतडत होते.

"हूश!" व्हर्ना ओरडली.

साळिंदराने आमच्याकडे पाठ फिरवली, काटे उभे केले आणि जेवण चालू ठेवले.

मी भोवताली पाहिले. बर्फ हरणांच्या खुरांनी तुडवला गेला होता. सगळ्या पाऊलवाटा जंगलातून येत होत्या आणि सगळ्या याच धोंड्यापाशी संपत होत्या. भोकांच्या आजूबाजूचा दगड चाटून चाटून गुळगुळीत, ओला झाला होता. शेजारी तसलेच शंभर धोंडे पडले होते. त्यांच्याकडे एकही हरीण फिरकलेले नव्हते.

साळिंदर शेवटी कंटाळून खाली उतरले. व्हर्नाने एका उघड्या भोकात बोट बुडवले. वीतभर दूर खळग्यातले पाणी गोठून काच झालेले होते, आणि या भोकातले पाणी मात्र पातळ होते. तिने बोट जिभेला लावले. तिचा चेहरा आधी आंबट झाला, मग गोंधळला आणि मग लाल झाला.

"हे मांड्या खारवायचं पाणी आहे," ती म्हणाली. "मीठ, काळी साखर, सोरा. आपल्या घरचं. माझी मॅम त्यात लवंग टाकते, दुसरं कुणी टाकत नाही. बघ चाखून."

मी चाखले. लवंग होती.

डिसेंबरात डुकरे कापली की आमच्याकडे त्यांच्या मांड्या या पाण्यात मुरत ठेवतात आणि मग धुरी देऊन टांगतात. अंडे तरंगेल इतके मीठ त्यात असते. असे पाणी साध्या थंडीला दाद देत नाही.

"पॅपनं घातलं," व्हर्ना म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की मला भीती वाटली. "त्याला नाही म्हणायचं होतं तर तोंडावर म्हणायचं. हे असं?"

"व्हर्ना, आधी विचारून तर बघ."

"विचारतेच."

दुसऱ्या दिवशी चर्चनंतर मामाकडे सगळे जेवायला होतो. एमरिसही होता. टेबलावर भाजलेली कोंबडी, बटाट्याचे सारण, आंबट भाज्यांची बरणी, काकवी भरलेला केक. मामाने प्रार्थना म्हटली आणि पाण्याचा पेला उचलून मोठा घोट घेतला. पुढच्या क्षणी तो घोट त्याने मोठ्या कष्टाने गिळला, कारण टेबलावर थुंकणे त्याच्या घरात चालत नसे.

"हे काय आहे?" त्याने विचारले.

"एमरिसच्या धोंड्यातलं पाणी," व्हर्ना म्हणाली. "आवडलं का, पॅप? हरणांना फार आवडतं."

मामा पेल्याकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले, मग मान.

"कुठल्या कॅनमधलं होतं ते?" सेवीलामामीने पेला ओढून चाखला आणि विचारले. "अ‍ॅमन! मागच्या दाराशी ठेवलेला दुधाचा कॅन? मी मांड्या काढल्यावर फेकायला म्हणून ठेवला होता तो! मला वाटलं, तू फेकलास. तुला किती मनापासून शाबासकी दिली होती मी!"

"मला वाटलं पावसाचं पाणी आहे," मामा पुटपुटला.

"वास नाही आला?"

"सर्दी झाली होती."

"पण तू वर गेलासच का?" व्हर्ना म्हणाली. तिचा राग आता कुठे बसावे हे न कळल्यासारखा अडखळत होता. "कुणी हात लावायचा नाही, हा तुझाच नियम ना?"

"नियम याच्यासाठी होता," मामाने एमरिसकडे मान केली.

"मग?"

मामाने काटा उचलला, बटाट्यात खुपसला, पुन्हा ठेवला. असे बोलायची त्याला सवय नव्हती. "थंडी पडायच्या आधी बघायला गेलो होतो. खुंट्या सैल झाल्या होत्या, पाणी अर्ध्यावर आलं होतं. त्याला सांगावं, तर तो शब्दाला बांधलेला. दगड कोरडा राहिला असता, तर तो पुन्हा त्या खाणीत गेला असता. म्हणून मग..." तो थांबला. "कुणीतरी भरायला नको का?"

एमरिसच्या खांद्यांना आधी थरथर सुटली. मग त्याने रुमाल तोंडावर धरला, आणि मग काही उपयोग नाही हे पाहून तो मोकळेपणाने हसू लागला. त्याच्यामागून मामी, मग मी. व्हर्ना उठून मामाच्या मागे गेली आणि तिने त्याच्या टकलावर हनुवटी टेकली.

"किती वेळा गेलास?" तिने विचारले.

"कॅन संपेपर्यंत," मामा म्हणाला.

हशा ओसरल्यावर तो ताठ बसला. "चूक माझी आहे. दगड राहू दे. ईस्टरनंतर लग्न लावा."

"नाही, मिस्टर लायबी," एमरिस म्हणाला. "शब्द दिलाय मी. शिवाय आता मलाही बघायचंय, तो फुटतो का ते."

"हिवाळा संपला रे बाबा."

"कांद्यावरचा बर्फ अजून पडायचाय." हे तो आमच्याकडेच शिकला होता. मार्चमध्ये कांदे लावून झाले की थंडी एकदा मागे वळून बघते. तो बर्फ पडल्याशिवाय आमच्याकडे कोणी हिवाळा संपला असे म्हणत नाही.

"मला कुणी विचारणार आहे का?" व्हर्नाने कमरेवर हात ठेवले. "तुम्ही दोघं त्या धोंड्याशीच लग्न करा. मी ईस्टरपर्यंत थांबेन. त्यानंतर भिंतीत वीट बसवली तरी चालेल मला, आणि कोळशाच्या गावातली एक पायरीसुद्धा कुणी उतरायची नाही. कळलं?"

"कळलं," दोघे एकदम म्हणाले.

त्या दुपारी सासरा आणि जावई वर गेले. एमरिसने चमच्याला चिंध्या गुंडाळून प्रत्येक भोक धुतले आणि मामाने धोंड्यांच्या फटीत दोरीने डबा सोडून खालच्या झऱ्याचे पाणी काढून दिले. प्रत्येक डबा मामाने आधी स्वतः चाखला. नव्या खुंट्यांना त्यांनी मेण लावले.

आणि मग हवा उबदार झाली. ओढ्याकाठी लाल खांद्यांचे काळे पक्षी आले. दलदलीत पहिली हिरवी पाने वर आली. मामीने कांदे लावले. मी रोज शाळेच्या खिडकीतून नदीकडे बघत असे आणि मुलांना वाटे, बाई पाढे विसरल्या. एमरिसच्या भावाचा निरोप आला की खाणीत एक जागा रिकामी झाली आहे. हो की नाही ते कळव. एमरिसने उत्तर लांबवले. व्हर्ना आमच्याकडे येऊन तीनदा त्याच टेबलावरची तीच धूळ पुसून गेली.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात वारा फिरला. शनिवारी दिवसभर बारीक बर्फ पडला, इतका की वाफ्यातल्या कांद्यांची टोके तेवढी दिसत राहिली. संध्याकाळी आकाश निवळले आणि थंडी जानेवारीसारखी चावू लागली. रविवारी सकाळी चर्चमध्ये आम्ही कोट घालूनच बसलो. माझी बोटे ऑर्गनवर इतकी बधिर झाली होती की पहिल्या गाण्यात मी दोन सूर गाळले. दुसऱ्या गाण्याचे शेवटचे कडवे चालू होते, एमरिस माझ्या डाव्या हाताला उभा राहून वरचा सूर लावत होता, आणि कुंपणामागून बंदुकीच्या बारासारखा आवाज आला. खिडकीच्या काचा थरथरल्या. गाणे जागच्या जागी तुटले.

विल्मर कंकेल उडी मारून उभा राहिला. "दारू! प्रॉसरनं सुरुंग लावला!"

"विल्मर, खाली बस!" अ‍ॅमनमामा पुढच्या बाकावरून गरजला. चर्चमध्ये त्याचा एवढा आवाज कोणी कधी ऐकला नव्हता. "तो तुझ्यासमोर उभा राहून गातोय, आंधळा झालास का? आमच्या घरातल्या माणसाबद्दल नीट बोल!"

मी वळून एमरिसकडे पाहिले. त्याचे तोंड अजून सुरावर उघडेच होते. घरातला माणूस हे शब्द त्याच्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागला. पोचल्यावर त्याने तोंड मिटले.

पाद्री ट्रेक्सलर व्यासपीठावर कागद घेऊन उभे होते. त्यांनी ते कागद जुळवले आणि बायबलमध्ये ठेवले. "आज प्रवचन बाहेरूनच झालेलं दिसतंय," ते म्हणाले. "चला, बघू या."

सगळे चर्च रविवारच्या कपड्यांत कुंपणावर चढले. धोंडा फुटला होता. भोकांच्या रेषेवरून भेग सरळ निघाली होती, पण अर्ध्याहून पुढे तिने रेषा सोडली आणि तिरकी होऊन खाली गेली. मामा गुडघ्यांवर बसला. सरळ भागात दगड आतून साखरेसारखा पांढरा, ताजा होता; तिरक्या भागात मात्र तपकिरी, जुन्या डागांचा.

"एल्डा, हे काय गं?" त्याने विचारले.

"ती भेग आधीची आहे, मामा. कड्यावरच पडली असेल, त्या मोठ्या थंडीत. दगड पूर्ण फुटायच्या आत हवा बदलली असेल."

"म्हणजे अर्धं काम डोंगरानं करून ठेवलं होतं," मामा म्हणाला, "आणि अर्धं याच्या भोकांनी केलं."

"आणि मिठानं?" कुंपणावरून मामी म्हणाली.

मामाने ते ऐकले नाही असे ठरवले. तो उठला आणि एमरिससमोर उभा राहिला. "एक कड तिरकी आहे. घासून सरळ करता येईल."

"तिरकीच राहू दे, पॅप," एमरिस म्हणाला.

त्याने मामाला तसे पहिल्यांदाच म्हटले होते. मामा दगड खाली न्यायला घोडे आणायला म्हणून निघाला. वाटेत विल्मर कंकेलचा हात धरून त्याने त्यालाही सोबत नेले, रविवारच्या कोटासकट.

ईस्टरनंतर लग्न झाले आणि मे महिन्यात कोठार उभे राहिले. त्याच्या भिंतीत वर व्हर्ना आणि एमरिसच्या नावाचा दगड आहे, एका बाजूने तिरका. दोन ट्युलिप कोरले आहेत, आणि त्यांच्यामध्ये एक गोल, काटेरी आकृती आहे जिला पाद्री सूर्य समजतात.

पुढच्या जानेवारीत मांड्या काढून टांगल्या त्या सकाळी मी मामीकडे होते. मामाने कोट चढवला, दुधाचा कॅन उचलला आणि मागच्या दाराने डोंगराची वाट धरली.

"अ‍ॅमन!" मामी ओरडली. "ते मिठाचं पाणी आहे हं!"

"माहीत आहे!" तो मागे न बघता ओरडला. "हरणं वाट बघत असतील!"